तांबडी रेघ

यल्लाप्पा मामा स्टुलावरून उठला, तेव्हाच माझा हात थांबला.

मी दवाखान्याच्या गेटच्या आत उकिडवा बसून जमिनीवरच्या तांबड्या रेघेची कड चाकूनं खरवडत होतो. बाहेर गजांना धरून एक बाई उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरून पदर, काखेत कापडी पिशवी. दुपारचे सव्वाबारा वाजले होते आणि भेटायची वेळ चार ते सहा. अशा अवेळी आलेल्या माणसाला मामा स्टुलावर बसूनच, मान वर न करता विचारायचा, "पास?" पास नसला की विषय संपला. बावीस वर्षं त्यानं ते गेट राखलं होतं. पासाशिवाय हा यमालाही आत सोडायचा नाही, असं सिस्टर लोक गमतीनं म्हणत.

पण त्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं, मामानं खिशातला कागद काढून बघितला आणि तो उठला. कडी काढली, गेट उघडलं आणि बाजूला झाला. पासाचं नावही काढलं नाही.

तीन आठवडे मी त्या गेटच्या आसपास काम करत होतो. मामा पास न मागता गेट उघडतो ते एकाच माणसासाठी, हे मला पाठ झालं होतं. ज्याच्या घरचं कोणी गेलंय त्याच्यासाठी. पहिल्यांदा तसं बघितलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मयताच्या मानसाला पास कसला मागायचा, कोष्टी? त्येनं काय भेटाया आलंय व्हय?"

"कोष्टी," मामानं आता हाक मारली, "मावशीस्नी अपघात विभागात पोचीव. नवीन हाईत त्या."

"पोचवतो," मी म्हणालो आणि चाकू पुसून खिशात घातला.

ही गोष्ट पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची. मी सुबराव कोष्टी, तेव्हा तिशीतला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या मागं 'पुन्हा भेटू' लिहिणारा पेंटर. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याला त्या साली डॉक्टर आरेकर म्हणून नवे मोठे साहेब आले. साहेब नवे आणि दवाखाना जुना. पाच इमारती, त्यांना जोडणारे व्हरांडे, आणि प्रत्येक व्हरांडा दुसऱ्यासारखा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात साहेबांना एक म्हातारा दिसला. नातवाला एक्स-रेला घेऊन आलेला तो माणूस दोन तास फिरून कपडे धुण्याच्या खोलीत पोचला होता आणि तिथं रांगेत उभा राहिला होता. बाकीचे हसले. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"वाचता न येणाऱ्याला रंग तर दिसतो ना?" ते म्हणाले. "गेटापासून रेघा ओढ. एकेका जागेला एकेक रंग. माणसानं कुणाला न विचारता पोचलं पाहिजे."

तांबडी रेघ अपघात विभागाला, पिवळी बाळंतिणींच्या वॉर्डाला, निळी एक्स-रे, रक्त आणि दाखल्यांच्या खिडकीला, हिरवी औषधांना. गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत ताणायचं, टिचकी मारायची, उमटलेल्या खुणेवर चार बोटं रुंद रेघ भरत जायची. सोपं काम, पण मी त्या कामानं फुगलो होतो. लोक खाली बघत चालत यायचे आणि बरोब्बर जागेवर पोचायचे. मला वाटायचं, अख्ख्या जिल्ह्याला मीच हात धरून चालवतोय. साहेबही जाता येता पाठ थोपटत होते. माणूस असा फुगला की त्याला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं.

आता तीन दिवस आधी काय झालं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी पुढं जे केलं ते कुणाला कळणार नाही. अपघात विभागाच्या खिडकीपुढं तांबड्या रेघेचा शेवटचा तुकडा मी भरत होतो. मामानं विनापास सोडलेली एक तरुण बाई तिथं आली. एकटीच. खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टरवर बोट फिरवलं आणि सुपारी चघळत म्हणाला, "डेड झालाय. इथं अंगठा करा." बाई उभ्या जागी कोसळली ती माझ्या ओल्या रंगावर. दोन्ही तळवे, कोपर, साडी, सगळं लालभडक. ती किंचाळत होती आणि मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून तिचे हात पुसत होतो. ऑइलपेंट पाण्यानं जात नाही. तिला धरायला दुसरं माणूस नव्हतं, आणि मला नुसतं धरून बसता येत नव्हतं, कारण रंग वाळला असता. ती दुपार माझ्या मनातून हलत नव्हती.

म्हणून ह्या दुसऱ्या बाईबरोबर चालायला लागलो तेव्हा मी पहिलं विचारलं ते हेच.

"मावशी, बरोबर कोण नाही?"

"कोन असनार? मी रानात हुते. मालक शाळंच्या छपरावरनं पडलं. टेंपोवाल्यानं त्येस्नी हितं आणून टाकलं आन् मागारी येऊन मला सांगितलं. मिळंल त्या गाडीनं आले." चालता चालताच ती बोलत होती. "लेक येतोय. विलास. सूतगिरणीत असतो त्यो. एकच्या एस्टीनं येतो म्हनून निरोप हाय."

एकची एस्टी. म्हणजे पाऊण तास.

"शुद्धीत हाईत म्हनत हुता टेंपोवाला," ती म्हणाली. "बोलत हुतं म्हनं."

मी मान हलवली. गावातून निघणाऱ्या बाईला खरं कोण सांगतं? पाय लटपटू नयेत, तिनं वाटेत जीव सोडू नये, म्हणून सगळेच 'शुद्धीत आहे' म्हणतात. माझ्या चुलत्याच्या वेळी आम्हीही चुलतीला तेच सांगितलं होतं.

पहिल्या वळणाशी आलो. तांबडी रेघ उजवीकडं जात होती. तिकडं ती सुपारी चघळणारी खिडकी होती. मी क्षणभर थांबलो आणि डावीकडं वळलो.

"ह्या तांबड्या रेघंनं जायाचं न्हवं?" तिनं विचारलं.

"पुढं रंग ओला आहे, मावशी. वळसा घालून जाऊ."

रंग वाळून दोन दिवस झाले होते. इतकी सरळ थाप मी आयुष्यात मारली नव्हती, आणि इतक्या चांगल्या मनानंही मारली नव्हती. पोरगा येईपर्यंत हिला फिरवायची. पोरगा आला की त्याला बाजूला घेऊन सांगायचं, मग आईला त्यानं धरावं. कुठल्या तरी कारकुनाच्या तोंडून, एकटीनं, हे ऐकायचं नाही. माझा बेत एवढाच होता.

तर मी तिला पिवळ्या रेघेनं घेऊन निघालो. बाळंतिणींच्या व्हरांड्यात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत कुठंतरी पोर टँहँ करत होतं. एक आजी दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत होती. तिनं आम्हालाही दिला. माझा मी तोंडात टाकला. मावशीनं तिचा पदराच्या टोकाला बांधला.

"खावा की," आजी म्हणाली.

"मालकांस्नी दीन. लई आवडतोय," मावशी म्हणाली आणि पुढं झाली.

पेढा गालात तसाच ठेवून मी तिच्या पुढं झालो. तिथून मी निळ्या रेघेला लागलो. एक्स-रेच्या रांगेतून वाट काढली, रक्त तपासणीच्या खोलीला प्रदक्षिणा घातली, औषधांच्या खिडकीपाशी आलो. आपण काढलेल्या रेघा उलट्या, तिरक्या तुडवत होतो. माणसं लवकर पोचावीत म्हणून ज्यानं गुडघे सोलून घेतले, तोच एका बाईला उशीर व्हावा म्हणून वळसे शोधत होता. गंमत अशी की वळसे शोधायला मला जरासुद्धा विचार करावा लागला नाही. तो दवाखाना माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

"लई मोठा हाय वो दवाखाना," ती धापा टाकत म्हणाली.

"पाच इमारती आहेत, मावशी."

"तुमी नसता तर मी कुटं पोचले असते?"

कँटीनजवळ कडुनिंबाखाली बाक होता. तिथून गेट दिसायचं. मी म्हणालो, "जरा टेका. डॉक्टर लोक आत कुणाला सोडत नाहीत आत्ता. त्यांचं तपासणं चाललं असेल. मी बघून येतो." ही दुसरी थाप. गेलो तो कँटीनच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. "दहा मिनिटं थांबा म्हणाले."

"पर बरं हाय न्हवं त्येंचं? काय म्हनलं?"

"तपासताहेत."

चहा मागवला. ती कपाला हात लावेना. "सकाळपास्नं मालक उपाशी हाईत," ती म्हणाली. "न जेवताच गेलं. रागानं."

"राग कशाचा?"

"माझाच." तिनं पिशवी मांडीवर घेतली. आत भाकरीचं फडकं होतं आणि एक धुतलेलं धोतर. "साठी झाली. कवलं बदलायला वर चढू नगा म्हनलं. मी आपलं बोलले. म्हनलं, उद्या पडलासा तर तुमचं कोन करनार, मी न्हाई करनार. गेलं तसंच. जाताना मागं वळून बगितलं, आन् मी तोंड फिरीवलं." तिनं फडक्याची गाठ घट्ट केली. "गावात तुमी या. समद्यांची दारं-खिडक्या आमच्या मालकांनी केल्यात. महिपती सुतार म्हना, कोनबी सांगंल. शब्दाचं मानूस. बोलत न्हाई जास्ती. पर म्या तोंड फिरीवलं न्हवं, ते त्येंच्या मनात राहिलं असनार बगा."

"तसं काही नसतं, मावशी."

"असतंय. मला सांगायचं हाय त्येस्नी. म्या करीन म्हनून. पडलासा तर पडलासा, मीच करीन. एवढं सांगितलं की मला बी बरं आन् त्येस्नी बी."

मी गेटाकडं बघत राहिलो. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं झाली. एस्टीनं आलेली माणसं गेटापाशी दिसायला लागली, पण त्यात कुणी एकटा, घाबरलेला तरुण पोरगा नव्हता. मामा स्टुलावर बसून एकेकाला परत पाठवत होता. एस्टीला उशीर झाला असणार. मी मनातल्या मनात विलासला हाका मारत होतो. अनोळखी माणसाची इतकी वाट मी कधी बघितली नसेल.

चहावर साय धरली. सव्वाएक झाला.

ती उठली. पिशवी काखेत मारली.

"चला," ती म्हणाली.

"मावशी, अजून जरा..."

"न्हाई. आता म्या जानार. रंग वला असंल तर असू दे. पाय रंगू देत. रागावलं तुमचं सायब तर म्या पुसून दीन सगळं. पर आता म्या बसत न्हाई."

ती चालायलाही लागली, उलट्या दिशेनं. मी पुढं होऊन तिला वळवलं. आता आडवळणं नव्हती. कँटीनपासून मागच्या बोळातून अपघात विभागाचं दार जेमतेम शंभर पावलं. वाटेत मी एकच ठरवलं, की खिडकीपाशी जायचं नाही. सिस्टर साळवी बाई मनानं चांगल्या, त्यांना आधी गाठायचं आणि हळूच सांगायला लावायचं.

सिस्टर दारातच उभ्या होत्या. मला बाजूला घ्यायचीही संधी मिळाली नाही.

"महिपती सुतारांच्या घरच्या का तुम्ही?" त्यांनी विचारलं. मावशीनं मान हलवली. "अहो, होता कुठं? गेटावर निरोप देऊन तास होऊन गेला. तुमचीच वाट बघत होते."

"बोलत हाईत न्हवं?" मावशीनं विचारलं.

सिस्टर साळवींनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांनी तिचा दंड धरला. "बोलत होते, आई. शेवटपर्यंत बोलत होते. आली का, आली का, एवढंच विचारत होते. छातीत रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी खूप केलं. आत्ताच, पंधरा मिनिटं झाली असतील. या, आत या."

मी दाराबाहेर उभा राहिलो. पंधरा मिनिटांपूर्वी मी तिला बाकावर बसवून गेटाकडं बघत होतो. आत पडद्यामागं ती रडली नाही. बराच वेळ नुसता तिचा आवाज येत होता, समजावल्यासारखा, सावकाश. "म्या करीन. म्याच करीन. ऐकलंसा का? म्याच करीन." मग सिस्टर बाहेर आल्या आणि डोळ्याला रुमाल लावून म्हणाल्या, "अंग अजून गरम आहे हो."

मी धावत गेटावर गेलो.

"मामा, त्या बाईला पास का नाही मागितलास?"

यल्लाप्पा मामा चक्रावला. "का म्हंजे? सायबांनी सकाळी बोलावून सांगितलं न्हवं. सीरियस पेशंटच्या मानसाला आजपास्नं पास मागायचा न्हाई, उटून आत सोडायचं. नावं आतनं लिवून येत्यात, ही बग." त्यानं खिशातला कागद काढून दाखवला. 'महिपती सुतार, अत्यवस्थ' असं त्यावर लिहिलेलं होतं. "फलक बी लावनार हाईत. तुलाच लिवायला सांगनार हुतं सांजच्याला. का रं? म्हनून तर तुज्यासंगं धाडली, झटक्यात पोचंल म्हनून."

मी त्याला सांगितलं. सगळं. मयताचं माणूस समजून मी तिला फिरवत बसलो, हे.

मामानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आयुष्यभर त्यानं ज्या एका गोष्टीसाठी गेट उघडलं होतं, तिनंच हा घात केला होता, हे त्याला माझ्याइतकंच कळलं असावं. मग तो म्हणाला, "कुनाला बोलू नगंस. त्या बाईला तर न्हाईच न्हाई. तिचं गेलेलं मानूस काय मागारी येत न्हाई."

विलास पावणेदोनला पोचला. एस्टी घाटात बंद पडली होती. तीन वाजता बापाला घेऊन जायच्या वेळी तो मला शोधत आला. वीस-बावीस वर्षांचा, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. काही कळायच्या आत तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

"आई म्हनली, पेंटरदादा नसतं तर म्या ह्या दवाखान्यात हरवले असते. त्येनीच हात धरून नेलं, चहा पाजला म्हनली. उपकार झालं, दादा."

माझ्या ओठावर आलं होतं. पण मी मामाचं ऐकलं, की मामाच्या नावाखाली स्वतःच्या भित्रेपणाचं ऐकलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आईला सांभाळ." एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फलकाचा मजकूर दिला. 'अत्यवस्थ रुग्णांच्या नातेवाइकांना पासाची आवश्यकता नाही. त्यांना ताबडतोब आत सोडावे.' मी तो लिहिला. 'ताबडतोब' तांबड्यात लिहायचं होतं. तो एक शब्द मी तीनदा पुसला. वळणं बिघडत होती. साहेब म्हणाले, "काय कोष्टी, बरं नाही का?" मी म्हणालो, "उन्हानं असेल, साहेब."

त्यानंतर महिना झाला असेल. रेघांचं काम संपलं होतं आणि साहेबांनी दारांवर चित्रं काढायचं काढलं होतं, म्हणजे औषधाच्या खिडकीवर बाटली, बाळंतिणीच्या वॉर्डावर पाळणा, असं. मी अपघात विभागाच्या दारापाशी शिडीवर होतो. सहज खाली बघितलं तर वळणावरून एक बाई येत होती. एकटी. मान खाली, नजर रेघेवर, रेघेच्या कडेनं एकेक पाऊल टाकत. कपाळ मोकळं होतं. मी आधी ओळखलंच नाही.

ती दारापाशी आली, जिथं तांबडी रेघ संपते तिथं. थांबली. वर दाराकडं बघितलं. ते दार तिनं ओळखलं. मग वळून ती आलेल्या वाटेकडं बघत राहिली. तिथून दुसरं वळण दिसायचं, आणि वळणापलीकडं गेटावरच्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. मामानं कुणाला तरी मोठ्यानं "पास?" विचारलं तेही ऐकू आलं. गेटापासून त्या दारापर्यंत रेघ सहाशे चाळीस फूट आहे. म्हाताऱ्या माणसाला चार मिनिटं लागतात.

मी शिडीवरून उतरलो. पळून जावंसं वाटत होतं.

तिनं मला बघितलं. ओळखलं. चेहऱ्यावर राग वगैरे काही आला नाही. ती नुसती विचारात पडल्यासारखी दिसत होती.

"एवढंच हाय व्हय हे?" ती म्हणाली. "लई जवळ हाय की वो."

"हो, मावशी."

"मग त्या दिशी?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. पास, यल्लाप्पा मामा, रंगावर पडलेली ती बाई, ओल्या रंगाची थाप, कँटीनच्या मागं जाऊन उभा राहिलो ते, विलासची वाट बघत होतो ते. बोलताना मला हुंदका आला आणि माझी मलाच लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा होता आणि रडत मी होतो. "मला वाटलं ते गेले असतील," मी म्हणालो. "तुम्हाला एकटीनं ते ऐकायला लागू नये, म्हणून केलं. मायेनं केलं हो, मावशी. शपथेवर सांगतो."

आतून स्ट्रेचर आलं, आम्ही दोघं भिंतीला लागून उभे राहिलो, स्ट्रेचर गेलं.

"मायाच केलीसा, बाबा," ती शेवटी म्हणाली. "त्यात खोट न्हाई. म्या एकली असू नये म्हनून केलंसा." तिनं दाराच्या आत, जिथं पडदा होता तिकडं बघितलं. "पर तितं आमचं मालक एकलंच हुतं."

मी हातातला ब्रश शिडीच्या पायरीवर ठेवला.

मग तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. विलासला कामावर सुट्टी नव्हती म्हणून मृत्यूचा दाखला न्यायला ती एकटीच आली होती, आणि दाखलाही त्याच दारात मिळत असेल असं समजून तांबड्या रेघेनं आली होती. दाखल्याची खिडकी कुठं, तिनं विचारलं.

"चला, मी नेतो," म्हणून मी पुढं झालो.

तिनं हात आडवा केला. जोरात नाही, एखाद्या पोराला थांबवावं तसा.

"नगं. तुमी नगा येऊ," ती म्हणाली. "कंची रेघ, तेवढं सांगा."

"निळी," मी म्हणालो.

ती निळी रेघ शोधत खाली बघत गेली. रेघ सापडल्यावर तिनं मागं वळून बघितलं नाही.